घ्राणनाश आणि कंपवात

घरांतील वडील माणूस ‘हल्लीं आमटीला चवच नसते’ असें म्हणूं लागलें, कीं पहिला संशय स्वयंपाक करणारीवर जातो आणि दुसरा त्या वडील माणसाच्या चोखंदळपणावर. याचें तिसरेंही एक कारण असूं शकतें, हें फार थोड्या घरांत सुचतें.

कंपवाताचें, म्हणजे पार्किन्सनच्या रोगाचें, वर्णन लंडनचे वैद्य जेम्स पार्किन्सन यांनीं १८१७ सालीं केलें. हात कांपणें, अंग ताठरणें, चाल मंदावणें हीं लक्षणें वाचकांस ठाऊक असतीलच. परंतु या रोग्यांपैकीं बहुतेकांचें घ्राणेंद्रियही दुबळें होतें, आणि पुष्कळदां तें हात कांपूं लागण्याच्या कित्येक वर्षें आधीं. जर्मन शास्त्रज्ञ ब्राक यांनीं २००३ सालीं असें मत मांडलें कीं, रोगाच्या पहिल्या खुणा मेंदूच्या देठांत आणि गंधाचें ज्ञान करून देणाऱ्या भागांत उमटतात. हालचालींचें नियमन करणाऱ्या भागाकडे तो मागाहून वळतो. चव गेली असें रोगी म्हणतो, तेव्हां बहुधा गेलेला असतो तो वास. जिभेस गोड, आंबट, खारट, कडू कळतें. पण हापूस कोणता आणि पायरी कोणता, हें सांगणें मुख्यतः नाकाचें काम.

चरकाचार्यांनीं वाताचे ऐंशी विकार गणले आहेत. त्यांत अरसज्ञता आणि घ्राणनाश हीं लगतच येतात व वेपथु म्हणजे कंपही त्याच यादींत आहे. एवढ्यावरून आधुनिक शोध चरकसंहितेंत होता असें म्हणणाऱ्यांत आम्ही नाहीं. तरी ती यादी वाचतांना कौतुक वाटल्यावांचून राहत नाहीं.

आमच्या धाटावास या प्रश्नाची एक निराळी बाजू आहे. येथें औद्योगिक वसाहतींत रासायनिक कारखाने आहेत. वारा फिरला कीं नाकास तें कळतें. आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांस तें कळेनासें झालें, तेव्हां ‘सवय झाली’ म्हणून सर्वांनीं सोडून दिलें. पण सवय त्या एका वासाची होते; हिंगाच्या फोडणीची, कापराची होत नाहीं. या गृहस्थांस दारचा सोनचाफाही कळेना. वालाच्या बिरड्याचें ताट ते दूर सारीत आणि त्यांची पत्नी दुसऱ्या दिवशीं मीठ-मसाला वाढवून ‘आज तरी बरें झालें का?’ म्हणून विचारी. असें दोन वर्षें चाललें. मग उजवा हात कांपूं लागला. कारखान्यांनीं हें केलें असें आमचें म्हणणें नाहीं. त्यांच्यामुळें खरें कारण झांकलें गेलें, इतकेंच.

मात्र वास गेला म्हणून कोणी घाबरून जाऊं नये. पडसें, नाकांतील मांसवृद्धि, वार्धक्य, आणि २०२० पासून कोरोना, अशीं कारणें अनेक आहेत. वास दीर्घकाळ नसेल आणि जोडीस बद्धकोष्ठ किंवा झोपेंत हातपाय झाडणें असेल, तर मेंदूच्या डॉक्टरांस दाखवावें. लेव्होडोपा या औषधानें हालचाल सुधारते; वास मात्र बहुधा परत येत नाहीं. तेंच द्रव्य खाजकुइलीच्या बियांतही असतें. पण म्हणून त्या आपल्या मनानें खाणें धोक्याचें.

दुसरा धोका स्वयंपाकघरांतला. गॅस गळल्याचें कळावें म्हणून त्यांत मुद्दाम दुर्गंधी द्रव्य मिसळलेलें असतें. तें ज्यास कळत नाहीं त्यास शेगडीपाशीं एकटें सोडूं नये. उतलेलें दूध, आंबलेली भाजी हींही त्यास कळत नाहींत. अन्नावरची वासना उडून वजन घटतें, तेंही महिन्याचे महिन्यास पाहावें.

त्या बाई आतां कोकमाचें सार ऊन ऊन वाढतात, ताटांत कुरकुरीत पापड असतोच, आणि मिठाची बरणी त्यांनीं यजमानांचा हात पोंचणार नाहीं अशा फळीवर ठेवली आहे.