विश्लेषण : इराणला हरवणारी मुले पुढे जातात कुठे? बिबियानो फर्नांडिस यांचे यश भारतीय फुटबॉलला काय सांगते?

अहमदाबादमध्ये ३० नोव्हेंबरला भारताच्या १७ वर्षांखालील संघाने इराणला २-१ असे हरवले आणि पुढील वर्षी सौदी अरेबियात होणाऱ्या आशियाई चषक स्पर्धेत जागा मिळवली. त्याच्या १२ दिवस आधी ढाक्यात भारताचा वरिष्ठ संघ बांगलादेशकडून ०-१ असा हरला होता. बांगलादेशकडून २२ वर्षांनी झालेला हा पराभव होता. एकाच देशाचे हे दोन संघ असे विरुद्ध दिशेने का चालले आहेत, याचे उत्तर युवा संघाचे गोमंतकीय प्रशिक्षक बिबियानो फर्नांडिस यांच्या कारकीर्दीत सापडते.

अहमदाबादमध्ये नेमके काय घडले?

पात्रता फेरीत भारताच्या गटात इराण, लेबनॉन, पॅलेस्टाइन आणि चायनीज तैपेई हे संघ होते. गटातील केवळ पहिला संघ पुढे जाणार होता. भारताची सुरुवात पॅलेस्टाइनविरुद्ध १-१ अशा बरोबरीने झाली. चायनीज तैपेईला ३-१ असे हरवल्यानंतर लेबनॉनकडून ०-२ असा पराभव पत्करावा लागला. त्यामुळे शेवटच्या सामन्यात इराणला हरवण्यावाचून पर्याय उरला नव्हता. त्यातही पहिला गोल इराणनेच केला. पूर्वार्ध संपता संपता डल्लालमुओन गंगटेने पेनल्टीवर बरोबरी साधली आणि उत्तरार्धाच्या सुरुवातीला गुनलेइबा वांगखेइराकपमने दुसरा गोल केला. पुढचा जवळपास पाऊण तास या पोरांनी आघाडी टिकवून धरली. भारतीय संघ आघाडी घेतल्यावर शेवटच्या दहा मिनिटांत कसे गडबडतात, हे पाहण्याची सवय झालेल्या प्रेक्षकाला ही गोष्ट गोलांपेक्षाही जास्त जाणवली असेल.

बिबियानो फर्नांडिस कोण आहेत?

ते मूळचे गोव्याचे आणि तिथल्याच क्लब फुटबॉलमध्ये घडलेले माजी व्यावसायिक खेळाडू. त्यांची पिढी खेळत होती तो गोव्याच्या फुटबॉलचा सुवर्णकाळ. राष्ट्रीय लीग आणि तिच्या जागी आलेली आय-लीग मिळून २००६-०७ ते २०१२-१३ अशी सलग सात विजेतेपदे गोव्यात आली. त्यांतील चार धेंपोने, दोन चर्चिल ब्रदर्सने आणि एक साळगावकरने जिंकले. पुढे इंडियन सुपर लीग, म्हणजे आयएसएल आली, आय-लीगचे महत्त्व कमी होत गेले आणि २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर व स्पोर्टिंग या गोव्याच्या तिन्ही क्लबांनी आय-लीगमधून माघार घेतली. मात्र त्या काळातील खेळाडू फुटबॉलपासून दूर गेले नाहीत. क्लिफर्ड मिरांडा, महेश गवळी यांच्यासारखे अनेक जण प्रशिक्षणात उतरले. बिबियानो यांनी त्यातही सर्वात कमी प्रकाशझोताचा भाग निवडला, तो म्हणजे पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांचा.

त्यांच्या हाताखाली भारताने २०१७ मध्ये नेपाळमध्ये आणि २०१९ मध्ये पश्चिम बंगालमधील कल्याणी येथे १५ वर्षांखालील सॅफ स्पर्धा जिंकली. २०२२ मध्ये कोलंबोत १७ वर्षांखालील, यंदा मे महिन्यात अरुणाचल प्रदेशात १९ वर्षांखालील आणि सप्टेंबरमध्ये पुन्हा कोलंबोत १७ वर्षांखालील विजेतेपद मिळाले. याहून महत्त्वाची नोंद आशियाई स्पर्धेची आहे. २०१८, २०२०, २०२३ आणि आता २०२६ अशा चार स्पर्धांच्या मुख्य फेरीत त्यांचे संघ पोहोचले. मधली २०२५ ची स्पर्धा भारताला गाठता आली नाही. तेव्हा संघाची सूत्रे दुसऱ्या प्रशिक्षकाकडे होती.

२०१८ मध्ये विश्वचषक कसा हुकला?

मलेशियात झालेली १६ वर्षांखालील आशियाई स्पर्धा ही बिबियानो यांच्या कारकीर्दीतील सर्वात मोठी कामगिरी आणि सर्वात मोठी हुरहुरही. भारताने व्हिएतनामला १-० असे हरवले, इराण आणि इंडोनेशियाला ०-० असे रोखले आणि एकही गोल न स्वीकारता १६ वर्षांनी उपांत्यपूर्व फेरी गाठली. तिथे जिंकले असते तर २०१९ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारत पहिल्यांदाच स्वतःच्या बळावर खेळला असता. २०१७ मध्ये यजमान म्हणून थेट प्रवेश मिळाला होता. समोर दक्षिण कोरिया होता. उत्तरार्धात जोंग सांग-बिनने गोल केला आणि भारत ०-१ असा हरला. संपूर्ण स्पर्धेत भारताने स्वीकारलेला तो एकमेव गोल.

२०२० ची स्पर्धा तर झालीच नाही. पात्रता फेरीत तुर्कमेनिस्तान आणि बहारीन यांना प्रत्येकी ५-० असे हरवून, यजमान उझबेकिस्तानला त्यांच्याच देशात १-१ असे रोखून भारत गटात पहिला आला होता. करोनामुळे मुख्य स्पर्धा रद्द झाली. युवा फुटबॉलमध्ये अशी स्पर्धा हुकली की ती त्या मुलांसाठी कायमचीच हुकते. पुढच्या खेपेला त्यांचे वय उलटून गेलेले असते.

त्या सामन्यातील मुले पुढे कुठे गेली?

या प्रश्नाजवळ बिबियानो यांची जबाबदारी संपते आणि भारतीय फुटबॉल व्यवस्थेची सुरू होते. गोल करणारा जोंग सांग-बिन सुवॉन सॅमसंग ब्लूविंग्ज या क्लबशी जोडलेल्या शाळेत घडला. शाळा संपताच तो त्याच क्लबच्या मुख्य संघात आला आणि जून २०२१ मध्ये, १९ व्या वर्षी, दक्षिण कोरियाच्या वरिष्ठ संघाकडून खेळला. पहिल्याच सामन्यात त्याने गोलही केला. भारताच्या त्या संघाचा प्रमुख आघाडीपटू विक्रम प्रताप सिंग हा त्याच्याच वयाचा. मुंबई सिटीकडून खेळून नाव कमावलेल्या विक्रमला वरिष्ठ भारतीय संघात संधी मिळाली ती २०२४ मध्ये, २२ व्या वर्षी. आणि तो त्या संघातील सर्वात यशस्वी खेळाडूंपैकी एक.

सोळाव्या वर्षी दोघांमध्ये एका गोलाचे अंतर होते. पुढच्या तीन-चार वर्षांत ते कितीतरी पटींनी वाढले. या काळात कोरियन मुलाला दर आठवड्याला मोठ्यांबरोबरची स्पर्धा मिळाली. तिथल्या के-लीगमध्ये तेव्हा २२ वर्षांखालील खेळाडूंना सामन्यात उतरवण्याचा नियम होता. न उतरवल्यास क्लबला बदली खेळाडू कमी मिळत. म्हणजे तरुणाला खेळवणे प्रशिक्षकाच्या मर्जीवर सोडलेले नव्हते, न खेळवण्याची किंमत होती.

भारतात गळती नेमकी कुठे होते?

सतरा ते एकवीस या वयात. त्याआधीची व्यवस्था बिनचूक नाही, पण निदान आहे. अकादमी आहेत, वयोगटांच्या राष्ट्रीय लीग आहेत, राष्ट्रीय शिबिरे होतात. नंतरची पायरी मात्र वारंवार बांधली आणि मोडली गेली. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा ‘इंडियन ॲरोज’ हा तरुणांचा संघ २०१० मध्ये सुरू झाला, २०१३ मध्ये बंद पडला, २०१७ च्या विश्वचषकानंतर पुन्हा उभा राहिला आणि २०२२ मध्ये पुन्हा बंद झाला. या संघाचे निकाल फार चांगले नव्हते, पण १८ वर्षांच्या मुलाला आय-लीगमध्ये पूर्ण हंगाम खेळायला मिळत होता. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या विश्वचषकानंतर याच संघातून खेळला आणि तिथून आयएसएलमध्ये गेला. विक्रम प्रतापही याच वाटेने आला.

२०२२ मध्ये सुरू झालेल्या रिलायन्स फाउंडेशन डेव्हलपमेंट लीगने ही पोकळी काही प्रमाणात भरली. तरीही ती तरुणांची तरुणांशी होणारी स्पर्धा आहे. तिशीतल्या कसलेल्या बचावपटूच्या खांद्याला खांदा लागल्यावर चेंडू कसा राखायचा, हे समवयस्कांबरोबर खेळून शिकता येत नाही. आयएसएलमध्ये आघाडीच्या जागा बहुतेक क्लब परदेशी खेळाडूंना देतात. मग पंधराव्या वर्षी गोल करणारा मुलगा विसाव्या वर्षी राखीव बाकावर बसतो किंवा पार्श्वभागी बचाव करू लागतो.

२०२५ मध्ये तर वरची पायरीच हलली. आयएसएलचा २०२५-२६ चा हंगाम डिसेंबर २०२५ उजाडला तरी सुरू झालेला नव्हता. लीगच्या व्यावसायिक हक्कांसाठी काढलेल्या निविदेला एकही बोली आली नाही. ज्या आठवड्यात मुले इराणला हरवत होती, त्याच आठवड्यात देशातील अव्वल व्यावसायिक खेळाडू आपला हंगाम होणार की नाही याची वाट पाहत होते. पालकांच्या दृष्टीने विचार करा. मुलगा सोळा वर्षांचा आहे, दहावी-बारावीचे वर्ष आहे आणि ज्या व्यवसायासाठी अभ्यास मागे ठेवायचा, तो व्यवसाय पुढच्या महिन्यात सुरू असेल का हे कोणी सांगू शकत नाही.

मग या विजेतेपदांना किती महत्त्व द्यायचे?

जपून द्यायला हवे. सॅफ स्पर्धा दक्षिण आशियापुरती आहे आणि तिथे भारत आकाराने व साधनांनी सर्वात मोठा. २०२३ च्या आशियाई स्पर्धेत हेच दिसले. व्हिएतनामशी १-१ अशी बरोबरी, उझबेकिस्तानकडून ०-१ असा निसटता पराभव आणि नंतर जपानकडून ४-८. जपानला चार गोल मारणे ही भारतीय मुलांसाठी मोठी गोष्ट होती. आठ गोल खाणे ही त्यांच्या मर्यादेची नोंद होती. दोन्ही एकाच सामन्यातल्या.

म्हणून युवा प्रशिक्षकाचे मोजमाप कपाटातल्या चषकांवरून करणे चुकीचे. ‘काहीही करून जिंका’ असा दबाव असलेला प्रशिक्षक त्या वयात लवकर वाढलेली, धिप्पाड मुले निवडतो. ती सोळाव्या वर्षी सामने जिंकून देतात, विसाव्या वर्षी बाकीचे त्यांना गाठतात. बिबियानो यांच्या बाजूने सांगायचे तर त्यांचे संघ सॅफपुरते थांबलेले नाहीत. २०१८ मध्ये त्यांच्या संघाने जॉर्डनमध्ये इराकला हरवले होते. कोणत्याही वयोगटात भारताचा इराकवरचा तो पहिला विजय. २०२३ च्या संघातील कोरौ सिंग अठराव्या वर्षी केरला ब्लास्टर्सकडून आयएसएलमध्ये गोल करत होता. युवा प्रशिक्षकाचे खरे प्रगतिपुस्तक ते हेच. अडचण एवढीच की ते पाच वर्षांनी हातात पडते आणि महासंघाचे निर्णय मात्र पुढच्या स्पर्धेवर नजर ठेवून होतात.

काय करायला हवे?

पहिली गोष्ट, युवा प्रशिक्षण हा वरिष्ठ संघाकडे जाण्याचा जिना समजणे थांबवायला हवे. आपल्याकडे युवा संघाचा प्रशिक्षक यशस्वी झाला की ‘आता याला मोठा संघ द्या’ अशी चर्चा सुरू होते. चांगल्या प्राथमिक शिक्षकाला बक्षीस म्हणून कॉलेजात पाठवण्यासारखे हे आहे. बिबियानो यांच्यासारख्यांना त्याच कामात मोठ्यांच्या तोडीचे वेतन आणि दीर्घ मुदत मिळायला हवी. खेळ सोडलेल्या व्यावसायिक खेळाडूंनाही मग या वाटेकडे वळण्याचे कारण मिळेल.

दुसरी, लीगचे जे काही नवे स्वरूप ठरेल त्यात तरुणांना खेळवण्याचा नियम असायला हवा. कोरियातील नियम जसाच्या तसा आणता येणार नाही. पण हक्क कोणाकडे जाणार आणि पैसा कोण घालणार यावर एवढी चर्चा होत असताना २१ वर्षांखालील भारतीय मुलाला किती मिनिटे मिळणार, हा मुद्दा त्या चर्चेत जवळपास नाहीच. ॲरोजसारखा संघ पुन्हा उभा करायचा की क्लबांच्या दुसऱ्या संघांना आय-लीगमध्ये प्रवेश द्यायचा, हे ठरवता येईल. काहीच न करणे मात्र परवडणारे नाही.

यंदा संधी मोठी का आहे?

१७ वर्षांखालील विश्वचषक आता ४८ संघांचा झाला आहे आणि २०२९ पर्यंत दर वर्षी कतारमध्ये होणार आहे. सौदी अरेबियात उपांत्यपूर्व फेरी गाठणारे संघ विश्वचषकाला पात्र ठरतील. हाच नियम २०१८ मध्ये असता तर विक्रम प्रतापचा संघ विश्वचषक खेळला असता. या वेळी तसे झाले तर देशभर जल्लोष होईल आणि तो व्हायलाच हवा.

पण अहमदाबादमध्ये खेळलेली ही मुले २००९ किंवा त्यानंतर जन्मलेली आहेत. विक्रम प्रताप ज्या वयात वरिष्ठ संघात आला, त्या २२ व्या वर्षी २००९ मध्ये जन्मलेला मुलगा २०३१ मध्ये पोहोचेल. ते आशियाई चषकाचे वर्ष आहे. २०२७ च्या आशियाई चषकाचे दार यंदा ऑक्टोबरमध्ये फातोर्ड्यात सिंगापूरने बंद केले. २०३१ मध्ये इराणला हरवणाऱ्या या पोरांपैकी किती जण भारताच्या वरिष्ठ संघात असतील, याचे उत्तर बिबियानो यांच्या हातात नाही. त्यांनी आपले काम चौथ्यांदा करून दाखवले आहे.