एक्सप्लेनर : सेटिंगचे तुकडे बरोबर, जोडणी चूक, सर्व्हरचं कुलूप उघडं कसं राहतं?

यूपीआयचं पेमेंट अडकलं, तिकिटाची साइट उघडेना, की आपण लगेच म्हणतो, ‘सर्व्हर डाउन आहे.’ पण दरवेळी मशीनच बिघडलेलं असतं असं नाही. अनेकदा मशीन ठणठणीत असतं आणि त्याला दिलेल्या सूचना चुकलेल्या असतात. या सूचना ज्या फाइलमध्ये लिहितात तिला कॉन्फिगरेशन फाइल म्हणतात. कोणाला आत घ्यायचं, पासवर्ड चालेल की नाही, कुठली वेबसाइट कुठून दाखवायची, हे सगळं या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असतं.

तुकडे कशासाठी?

पूर्वी एका सेवेची एकच लांबलचक फाइल असायची. पाच जणांनी त्यात हात घातला की कोणी काय बदललं ते कळायचं नाही. म्हणून तुकड्यांची पद्धत रुळली. डेटाबेसवाल्यांचा एक तुकडा, सुरक्षेचा दुसरा, वेबसाइटचा तिसरा. सोसायटीच्या वहीत प्रत्येक विंगने आपापलं पान लिहावं, तसं.

हे तुकडे दोन प्रकारे एकत्र येतात. एक, सेवा स्वतःच ठरलेल्या फोल्डरमधल्या फाइल वाचते. दोन, पपेट (२००५) किंवा अ‍ॅन्सिबल (२०१२) यांसारखं ऑटोमेशन टूल तुकडे जोडून एक अखंड फाइल बनवतं. पपेटमध्ये यासाठी ‘कॉनकॅट’ आहे, अ‍ॅन्सिबलमध्ये ‘असेंबल’. शंभर सर्व्हर असले तरी एकाच कमांडमध्ये काम होतं.

मग अडचण कुठे आहे?

क्रमात. अ‍ॅन्सिबलचं ‘असेंबल’ फाइलची नावं अंकांप्रमाणे नाही, अक्षरांप्रमाणे लावतं. त्यामुळे १०० ने सुरू होणारी फाइल २० च्या आधी येते. आपल्याला वाटतं १०० शेवटी येईल. टूल पहिल्यापासून एकेक अक्षर ताडून बघतं, आणि १ हा २ च्या आधी असतो.

त्याहून मोठा घोळ म्हणजे दोन तुकड्यांत परस्परविरोधी सूचना असतील तर कोणाचं ऐकायचं, याचा नियम प्रत्येक सेवेचा वेगळा आहे. लिनक्सच्या ‘सिसकंट्रोल’ सेटिंगमध्ये नंतर आलेल्या फाइलचं चालतं. सर्व्हरवर दुरून लॉगिन करायला जे ओपनएसएसएच वापरतात, त्यात बहुतेक सेटिंगसाठी आधी आलेली सूचना ग्राह्य धरली जाते.

याचा फटका मी स्वतः खाल्लाय. पत्रकारितेत येण्याआधी एका छोट्या कंपनीत सर्व्हर सांभाळायचो. पासवर्डने लॉगिन बंद करायचं ठरलं. ‘सगळ्यात शेवटी वाचली जाईल, म्हणजे आपलंच चालेल’ अशा समजुतीत मी फाइलचं नाव ९९ ने सुरू केलं. टूल चाललं, कुठेही लाल अक्षर नाही. सीनियरना ‘झालं सर’ म्हणून कळवलं. काही महिन्यांनी तपासणीत कळलं की पासवर्डचं लॉगिन तसंच सुरू होतं. क्लाउडच्या सेटअपने आधीच ५० क्रमांकाची एक फाइल ठेवली होती, त्यात पासवर्डला परवानगी होती. ती आधी वाचली गेली, माझी फाइल नंतर. दाराला कुलूप लावल्याची नोंद होती, दार मात्र उघडंच. सुदैवाने कोणी आत शिरलं नव्हतं. फाइलचा क्रमांक ९९ वरून ०१ केला आणि प्रश्न मिटला.

अशा चुका आरडाओरडा करत नाहीत. ‘सुडो’ हे लिनक्सवर विशेष अधिकार देणारं साधन. त्याच्या फोल्डरमधल्या फाइलच्या नावात टिंब असेल, तर ती फाइल मुकाट्याने वगळली जाते. आणि अ‍ॅन्सिबलच्या यादीतून तुम्ही एखादा तुकडा काढलात, तरी सर्व्हरवर आधी ठेवलेला तुकडा आपोआप जात नाही. तो मुद्दाम पुसावा लागतो, नाहीतर पुढच्या जोडणीत पुन्हा हजर.

मग हातानेच केलेलं बरं?

अजिबात नाही. १ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर दलाल कंपनीत आठपैकी एका सर्व्हरवर नवा कोड टाकायचा राहून गेला. साधारण ४५ मिनिटांत चुकीच्या ऑर्डरचा पाऊस पडला आणि कंपनीला ४६ कोटी डॉलरहून अधिक फटका बसला. हाताने काम केलं की एखादा सर्व्हर सुटतो. टूल सर्व्हर सोडत नाही, पण चूक असेल तर तीही सगळीकडे तितक्याच इमानदारीने पोहोचवतं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे : तुकडे करा, टूलही वापरा, पण टूलच्या हिरव्या अक्षरांना ‘काम झालं’ समजू नका. फाइल जागेवर गेली, एवढंच ते सांगतं. सेवा ती कशी वाचते, हे सांगत नाही.

काय करायला हवं?

• सगळ्या फाइलना सारख्याच अंकांचे क्रमांक द्या : १०, २०, ३०. मध्ये जागा ठेवा.

• जोडलेली फाइल जागेवर जाण्याआधी तपासा. ‘असेंबल’ आणि ‘कॉनकॅट’ दोन्हींत ही सोय आहे. तपासणी फसली तर जुनी फाइल तशीच राहते.

• व्याकरण बरोबर म्हणजे अर्थ बरोबर असं नाही. माझ्या फाइलमध्ये व्याकरणाची एकही चूक नव्हती. ओपनएसएसएच आणि एनजिनएक्स दोन्हींना शेवटी हाती आलेली पूर्ण सेटिंग दाखवायला सांगता येतं. ती वाचा.

• आणि शेवटी स्वतः करून बघा. पासवर्ड बंद केलाय ना? मग पासवर्ड टाकून आत शिरायचा प्रयत्न करा.

शेवटच्या कामाला दोन मिनिटं लागतात. मी ती दिली असती तर आमचं दार महिनोन्‌महिने उघडं राहिलं नसतं. बँक, हॉस्पिटल, महापालिका, सगळ्यांचा डेटा आज अशाच सर्व्हरवर आहे. तिथे बसलेल्या कोणीतरी ही दोन मिनिटं द्यावीत, एवढी अपेक्षा त्या डेटाचे मालक म्हणून आपण नक्कीच करू शकतो.