इनचार्ज सिस्टरच्या सहीला किंमत किती?

१२ मे जवळ आला की रुग्णालयांत मेणबत्त्या लागतात, शपथ होते, मेट्रन मॅडमना पुष्पगुच्छ मिळतो आणि पाहुणे ‘परिचारिका म्हणजे आरोग्यसेवेचा कणा’ असं सांगून पुढच्या कार्यक्रमाला निघून जातात. अलीकडे यात नेतृत्वविकासाच्या कार्यशाळेची भर पडली आहे. संवादकौशल्य, वेळेचं नियोजन, ताणतणाव, संघभावना. मधे चहा, शेवटी प्रमाणपत्र. कार्यशाळांशी माझं वैर नाही. पण सभागृहात बसलेली इनचार्ज सिस्टर दुसऱ्या दिवशी वॉर्डात परतल्यावर स्वतःच्या सहीने नेमकं काय ठरवू शकते, हा विषय तिथे कुणी काढत नाही. म्हणून इथे काढते.

सरकारी कागदावर ही शिडी अधिपरिचारिका, परिसेविका, सहायक अधिसेविका, अधिसेविका अशी चढते. वॉर्डात हे शब्द फारसे ऐकू येत नाहीत. तिथे स्टाफ, इनचार्ज, असिस्टंट मेट्रन आणि मेट्रन. बढती सेवाज्येष्ठतेने होते आणि ती हातात पडेपर्यंत बाई बहुधा पन्नाशीला टेकलेली असते. कितीतरी जणी ती नाकारतात, कारण बढतीबरोबर बदली येते आणि मुलाची बारावी किंवा सासूबाईंचं आजारपण बदलीच्या गावी नेता येत नाही. ज्या स्वीकारतात त्यांना ऑर्डर मिळते आणि कपाटांच्या किल्ल्या मिळतात. कालपर्यंत सलाईन लावणारी बाई आजपासून चाळीस खाटांचा वॉर्ड चालवते. शिकवणी म्हणाल तर आधीच्या इनचार्जने चार्ज देताना जे दोन शब्द सांगितले तेवढीच.

मग तिचा दिवस कशात जातो? लिनन मोजण्यात. इंडेंट लिहिण्यात. डेडस्टॉक रजिस्टर जुळवण्यात, मोडक्या वस्तू कंडेम करून घेण्यासाठी पाठपुरावा करण्यात, डायट शीट भरण्यात, बंद पडलेल्या सक्शन मशीनसाठी चौथं पत्र लिहिण्यात. मावशी आली नाही, पाणी आलं नाही, लिफ्ट बंद आहे, औषध बाहेरून आणायला सांगितलं म्हणून नातेवाईक भांडताहेत. सगळ्याचं उत्तर तिनेच द्यायचं. चादर हरवली तर जबाबदार तीच. रुग्णाच्या पाठीला जखम होते आहे का, नव्या मुलीने इन्सुलिन बरोबर काढलं का, हे पाहायला उरलेला वेळ. सरोजिनी वरदप्पन यांच्या अध्यक्षतेखाली १९८७ साली नर्सिंगसाठी केंद्राची उच्चाधिकार समिती नेमली गेली होती. परिचारिकांकडून शुश्रूषेबाहेरची कामं काढून घ्यावीत, असं त्या समितीने सांगून ठेवलं आहे. समितीच्या काळात नोकरीला लागलेल्या सिस्टर निवृत्त झाल्या. डेडस्टॉक रजिस्टर अजून वॉर्डातच आहे.

या सगळ्या पसाऱ्यात एकच काम खऱ्या अर्थाने नेतृत्वाचं आहे: ड्यूटी लावणं. बाहेरच्या माणसाला ते कारकुनी वाटतं. पण दोन नवख्या मुली एकाच नाईटला पडू द्यायच्या नाहीत, जिचा हात शिरा शोधण्यात पक्का आहे ती मुलांच्या वॉर्डात राहिली पाहिजे, गौरी-गणपतीची सुट्टी पाच जणींना हवी असताना मागच्या वर्षी कुणी सोडली होती हे लक्षात ठेवायचं, जिच्या घरी तान्हं बाळ आहे तिला नाईट द्यायची की तिच्या वाटच्या नाईट इतरांवर टाकून त्यांचा राग ओढवून घ्यायचा, हे निर्णय चार्टच्या चौकटीत दडलेले असतात. चांगल्या इनचार्जचा वॉर्ड शांत का असतो, ते तिथे कळतं. व्यवस्थापनाच्या कुठल्याही अभ्यासक्रमाला शोभेल असं हे काम आहे आणि आपण त्याला ‘टाइमटेबल’ म्हणून मोकळे होतो.

फक्त हा चार्ट किती माणसांचा लावायचा, हे तिच्या हातात नाही. इथे थोडं गणित करू. एक जागा चोवीस तास भरलेली ठेवायची तर आठवड्याला २१ पाळ्या होतात. साप्ताहिक सुट्टी धरून एक सिस्टर सहा पाळ्या करते. म्हणजे एका जागेला साडेतीन सिस्टर. त्यात रजेसाठी ३० टक्के राखीव धरले की आकडा साडेचारावर जातो. आता अधीक्षक कार्यालय म्हणतं, ‘तुमच्या वॉर्डाला बारा जणी दिल्या आहेत.’ बारातून इनचार्ज स्वतः वजा, ती रोज सकाळचीच असते. एक सहा महिन्यांच्या बाळंतपणाच्या रजेवर, एक डेप्युटेशनवर. उरल्या नऊ. म्हणजे पाळीला दोन. सकाळी राऊंड, ड्रेसिंग, अॅडमिशन आणि डिस्चार्जचा जोर असतो म्हणून तिथे तिसरी द्यावी लागते आणि रात्री एकटीच उरते.

इंडियन नर्सिंग कौन्सिलचा निकष शिक्षण-रुग्णालयांत तीन खाटांमागे एक परिचारिका आणि इतर सर्वसाधारण रुग्णालयांत पाच खाटांमागे एक असा आहे, रजा राखीव वेगळी. तीनाला एक म्हणजे एकूण नेमणूक; प्रत्यक्ष पाळीवर तो निकष नऊ खाटांना एक असा उतरतो. आमच्या उदाहरणातल्या चाळीस खाटांच्या वॉर्डाला त्या हिशेबाने, रजा राखीव धरून, सतराच्या वर माणसं लागतील. आणि यातली खरी मेख तर अशी की निकष खाटा मोजतो. जमिनीवर गाद्या टाकून झोपवलेले रुग्ण या हिशेबात धरलेच जात नाहीत.

नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २०२३ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सांध्यावर चोवीस तासांत २४ मृत्यू झाले, त्यांत १२ नवजात बाळं होती. २४ बाळांची सोय असलेल्या विभागात त्या वेळी साठाहून जास्त बाळं होती, हे तेव्हाच छापून आलं. एका खासदाराने डीनना स्वच्छतागृह साफ करायला लावलं, त्याची चित्रफीत देशभर फिरली. त्या विभागात त्या पाळीला किती सिस्टर होत्या आणि ‘आता पुरे’ म्हणण्याचा अधिकार त्यांच्यापैकी कुणाला होता का, ही चर्चा मात्र चित्रफितीइतकी फिरली नाही.

परिचारिकांची संख्या आणि रुग्णाचं मरण यांचा संबंध हा भावनेचा मुद्दा नाही. लिंडा एकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाच्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध केला. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या बाबतीत परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की तीस दिवसांत मृत्यू येण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते, असा त्याचा निष्कर्ष. कॅलिफोर्नियात २००४ पासून हे प्रमाण कायद्याने बांधलेलं आहे. तिथल्या चार-पाच रुग्णांच्या गोष्टी आपल्याकडे सांगितल्या की लोक हसतात, मला ठाऊक आहे. पण हसण्यासारखं आपल्या बाजूला जास्त आहे.

अधिकार नसला तरी जबाबदारी मात्र बिनचूक पोचते. ६ नोव्हेंबर २०२१ ला नगरच्या जिल्हा रुग्णालयात कोविड अतिदक्षता विभागाला आग लागली आणि ११ रुग्ण दगावले. काही दिवसांत एक वैद्यकीय अधिकारी आणि तीन परिचारिकांना अटक झाली. निष्काळजीपणाचा आरोप होता. त्याचा निवाडा न्यायालयाचा. मला दिसतं ते एवढंच की वायरिंग, स्प्रिंकलर, आपत्कालीन दार यातली कुठलीही फाइल सिस्टरच्या टेबलावरून जात नाही आणि पोलीस मात्र तिथपर्यंत लवकर येतात. तेव्हापासून राज्यातल्या कितीतरी इनचार्ज ‘लेखी देऊन ठेवा’ हे व्रत पाळतात. वॉर्डाची प्रत फाइलला लावायची, जावक क्रमांक घ्यायचा. हे स्वसंरक्षण आहे, नेतृत्व नव्हे. जिथे चूक कबूल केली की मेमो मिळतो, तिथे चुकीच्या औषधाची नोंद कुणी करणार नाही, आणि नोंदच झाली नाही तर सुधारणा कशाची करायची? खासगी रुग्णालयांत मानांकनासाठी रुग्ण पडण्याचे, बेडसोअरचे, औषधचुकांचे आकडे दर महिन्याला भरले जातात. शून्याच्या रांगा पाहिल्या की मला आनंद होत नाही, शंका येते.

मुंबईच्या केईएमचं एक उदाहरण इथे आठवतं. तिथल्याच परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये हल्ला झाला आणि १८ मे २०१५ ला त्या गेल्या. मधली एकेचाळीस-बेचाळीस वर्षं त्यांची शुश्रूषा तिथल्या परिचारिकांनी केली. मेट्रन बदलल्या, बॅचमागून बॅच आल्या. ज्या मुली त्यांच्या उशाशी उभ्या राहिल्या त्यांतल्या बहुतेकींनी त्यांना हिंडता-फिरताना पाहिलं नव्हतं, काहींचा तर १९७३ मध्ये जन्मही नव्हता. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला इतकी वर्षं बेडसोअरपासून जपणं म्हणजे काय, हे एकदा तरी कुणाची कूस बदलणाऱ्याला विचारावं. दयामरणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार याचिकाकर्त्या लेखिकेऐवजी केईएमच्या कर्मचाऱ्यांना दिला. या निकालावर अनेक बाजूंनी वाद झाले आणि ते व्हायलाच हवेत. माझं लक्ष मात्र त्या एका वाक्यावर अडकतं. रोज अंग पुसणाऱ्यांचं मत निर्णायक मानावं, असं देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाला वाटलं. जिल्हा रुग्णालयाच्या सोमवारच्या बैठकीला ते अजून वाटत नाही.

आता विकासाची बाजू. कौन्सिलने नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत १५० तासांचं सातत्यशिक्षण ठरवलं. कल्पना उत्तम. प्रत्यक्षात नाईट करून आलेली बाई सकाळी नऊला वर्गात बसते, कारण वॉर्डातून सुट्टी मिळत नाही, आणि वर्गाची फीही बहुधा स्वतःच भरते. १९४७ चा कौन्सिलचा कायदा जाऊन २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा आला. आयोगाचा अध्यक्ष नर्सिंगमधला पदव्युत्तर आणि किमान वीस वर्षांचा अनुभव असलेला हवा, असं त्यात आहे. वरच्या टोकाला नर्सिंगचा माणूस बसणार, हे चांगलंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार ८२ टक्के देशांत शासनात वरिष्ठ परिचारिका-अधिकारी आहे, पण नेतृत्वाचं शिक्षण देण्याची सोय कमी उत्पन्नाच्या देशांपैकी फक्त २५ टक्क्यांत. पद आहे, तयारी नाही, हे चित्र आपल्याला परकं नाही.

दरम्यान खालचा पाया सुटतो आहे. मे २०२२ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२५ मध्ये राज्यातल्या परिचारिका संपावर गेल्या. दोन्ही वेळा कंत्राटी भरतीला विरोध हा मुद्दा होता. इनचार्जच्या नजरेतून कंत्राटाचा अर्थ सोपा आहे: सहा महिने खपून मुलीला व्हेंटिलेटर शिकवायचा आणि तिची मुदत संपली की पुन्हा नव्या मुलीपासून सुरुवात. त्यात फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्गशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात परिचारिकाही आहेत. जाणाऱ्या मुलींना मी दोष देणार नाही, जर्मन शिकून जरूर जावं. पण दोन-तीन वर्षं मुरलेली मुलगी गेली की तिच्या जागेवर येणारीला घडवायचं काम कुणाकडे आणि कोणत्या वेळेत, हे करार करणाऱ्यांनी मेट्रनना विचारलं असतं तर बरं झालं असतं.

मला विचाराल तर कार्यशाळेच्या आधी तीन गोष्टी व्हाव्यात. वॉर्डाला कारकून द्यावा आणि लिनन, इंडेंट, डेडस्टॉक त्याच्याकडे जावं. बढती मिळालेल्या परिसेविकेला निदान तीन महिने जुन्या इनचार्जबरोबर राहू द्यावं, पगार नव्या पदाचा. तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला जमिनीवरचे धरून रुग्ण किती आणि हजर सिस्टर किती, एवढी एक ओळ इनचार्जने लिहावी. ठरलेल्या प्रमाणापेक्षा भार वाढला तर त्याच पाळीत माणूस पाठवणं किंवा न पाठवण्याचं कारण लेखी देणं अधीक्षकांवर बंधनकारक असावं. सरकारी रुग्णालय गरिबाला दारातून परत पाठवू शकत नाही आणि पाठवूही नये. म्हणून रुग्ण नाकारण्याचा अधिकार मी मागत नाही. ‘इथे माणूस कमी आहे’ या वाक्याला उत्तर मिळण्याचा अधिकार मागते.

यावर प्रशासनाचा आक्षेप काय असेल, ते सांगायला ज्योतिषी नको. अशी नोंदवही ठेवली तर उद्या ती न्यायालयात आमच्याच विरुद्ध मांडली जाईल. जाईलच. म्हणून तिची एक प्रत मेट्रनच्या कपाटात राहिली पाहिजे, आणि त्या कपाटाची किल्ली तरी अधीक्षक कार्यालयाने मागू नये.