काचेच्या तारेचे जोडकाम

घरोघरी इंटरनेटची जी काळी केबल येते, तिच्या पोटात तांबे नसते, काच असते. तिच्या एका तंतूची जाडी 125 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा आठवा भाग. प्रकाश धावतो तो त्याच्या मधल्या सुमारे 9 मायक्रॉनच्या गाभ्यातून. म्हणूनच या कामात धुळीचा कणही नडतो.

जोडण्यापूर्वी संरक्षक नळी तंतूवर ओवून ठेवावी. ती मागाहून चढत नाही. मग आवरण सोलावे, तंतू अल्कोहोलने पुसावा, क्लीव्हरने टोक सरळ कापावे. मशीन विजेच्या ठिणगीने दोन्ही टोके वितळवून एक करते. पुढची मांडणी मात्र माणसाचीच. निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी हा रंगक्रम पाळावा. ट्रेमध्ये वेटोळे रुंद ठेवावे, कारण तंतू फार वाकला की प्रकाश बाहेर गळतो. केबलच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी लावावी. बिघाड झाला की तीच उपयोगी पडते.

आता जिवाची गोष्ट. कापलेले काचेचे तुकडे सहज दिसत नाहीत, पण कातडीत व डोळ्यांत घुसतात. ते झाकणाच्या डब्यातच टाकावेत. त्या जागी डबा खाऊ नये. चालू तंतूच्या टोकात कधीही डोकावू नये. तो प्रकाश दिसत नाही, पण डोळा निकामी करू शकतो. कामाचे कपडे घरी वेगळे धुवावेत.

आपला मुलगा किंवा मुलगी या कामावर जात असेल, तर चष्मा मिळाला का, हे विचारा. तो देणे ही ठेकेदाराची मेहेरबानी नव्हे.