प्रश्न इंजिनाचा नव्हे, तेलाचा

डिझेलला देशी पर्याय म्हणून वनस्पती तेलाचे नाव निघाले की चर्चा ठरावीक वळणावर जाते. घाण्यावरचे तेल जसेच्या तसे इंजिनात घालावे, की त्याचे बायोडिझेल करून घालावे? १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात डिझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविण्यात आले होते. तेव्हा पहिला मार्ग अशक्य, असे कोणी म्हणू नये. ज्या कोल्हापूरच्या उद्यमनगराने ऑइल इंजिने आणि त्यांचे सुटे भाग घडविले, तेथे तर हा वाद अधिक जाणतेपणाने व्हावयास हवा.

अडचण आहे ती दाटपणाची. साधे वनस्पती तेल डिझेलच्या सुमारे दहापट दाट असते. नोझलमधून त्याचा बारीक फवारा उडत नाही. अर्धवट जळालेले तेल नोझलवर आणि पिस्टनच्या रिंगांवर काजळी धरून बसते, वंगणतेलात उतरून तेही बिघडविते. संथ गतीचे जुने इंजिन डिझेलवर सुरू केले, मग तापविलेल्या तेलावर चालविले आणि बंद करण्यापूर्वी पुन्हा डिझेलवर आणले, तर ते हे सोसते. बायोडिझेल करताना तेलावर मिथेनॉल व कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया होते, ग्लिसरीन वेगळे निघते आणि दाटपणा डिझेलच्या जवळपास येतो. मात्र १०० किलो तेलामागे सुमारे ११ किलो मिथेनॉल लागते, आणि ते बहुतांशी परदेशातून येते. स्वदेशीचा अभिमान बाळगणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवलेले बरे!

पण पंचगंगेच्या काठी पाणी उपसण्याचे काम आता मुख्यतः विजेच्या पंपांकडे गेले आहे. डिझेल जळते ते ट्रॅक्टरांत आणि उसाच्या ट्रकांत. १ एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या नव्या ट्रकांना भारत स्टेज सहा आणि जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरांना कडक प्रदूषणनियम लागू झाले. त्यांच्यातील अतिदाबाच्या इंधनयंत्रणेला साधे तेल मानवणारे नाही. म्हणजे वाद तंत्राच्या बाजूने जवळजवळ मिटलाच आहे.

अर्थशास्त्राच्या बाजूने तो सुरूही झालेला नाही. २०१८ च्या जैवइंधन धोरणाने २०३० पर्यंत डिझेलमध्ये ५ टक्के बायोडिझेलचे लक्ष्य ठेवले. देशात वर्षाला सुमारे ९ कोटी टन डिझेल खपते. त्याचे ५ टक्के म्हणजे ४५ लाख टन. आपण खाद्यतेल आयात करतो ते वर्षाला सुमारे दीड कोटी टनांहून अधिक. ज्याच्या फोडणीचे तेल परदेशातून येते, त्या देशाने तेच तेल इंजिनात जाळावे, हा हिशेब कोणत्याही गृहिणीला पटणार नाही. शिरोळ-हातकणंगल्याचे सोयाबीन त्या वाटेने जाऊ नये.

मग अखाद्य तेल? २००३ मध्ये नियोजन आयोगाच्या समितीने मोगली एरंडाच्या लागवडीवर मोठी भिस्त ठेवली. २००५ च्या खरेदी धोरणात तेल कंपन्यांनी लिटरला २५ रुपये देऊ केले. तेवढ्यात उत्पादनखर्च निघेना. पडीक जमिनीत झाड जगले, पण बी पुरेसे धरले नाही. मिश्रण पुढेही एक टक्क्याच्या खालीच रेंगाळले. करंज आपल्याकडचा, पण विखुरलेला. त्याच्या बिया वेचण्याची मजुरी मोजली की तेल स्वस्त राहत नाही.

उरते ते तळणीचे वापरलेले तेल. फरसाण, भजी, वडे यांचा कोल्हापुरातील खप सांगावयास नको. तळताना बनणारी ध्रुवीय संयुगे २५ टक्क्यांहून अधिक झालेले तेल खाण्यास वापरू नये, हा नियम १ जुलै २०१८ पासून आहे. परंतु दिवसाला ५० लिटरांहून अधिक तेल वापरणाऱ्यांनाच नोंदवही ठेवावी लागते. हातगाडीवाला तिच्याबाहेर राहतो. आणि मोठ्या कढईतले काळे तेल स्वस्तात घेणारा गिऱ्हाईकही बहुधा तोच असतो. ते तेल बायोडिझेलच्या कारखान्याकडे वळवावयाचे, तर कारखान्याचा भाव हातगाडीच्या भावाहून चढा हवा आणि डबे गोळा करणारी गाडी ठरल्या दिवशी दारात यावयास हवी. अनुदान द्यावयाचेच असेल तर ते लागवडीला नव्हे, या गाडीला द्यावे.