नाण्याचे वय आणि नाण्याचे मोल

नाणे दोन हजार वर्षांचे आहे, एवढ्यावरून ते मौल्यवान ठरत नाही. जुन्या नाण्यांच्या बाजारात नवखा ग्राहक फसतो तो बहुधा याच समजुतीपायी. रोमन साम्राज्याची प्रांतिक नाणी हे त्याचे उत्तम उदाहरण होय.

रोमच्या अधिकृत चलनाखेरीज साम्राज्याच्या पूर्व भागातील शेकडो नगरे स्थानिक व्यवहारासाठी आपापली नाणी पाडीत. दर्शनी बाजूस बहुधा सम्राटाचे मस्तक, मागे नगराचे दैवत किंवा मंदिर. लेख बहुतेक ग्रीक भाषेत. रोमन वसाहतींच्या नाण्यांवर लॅटिन. नगरवासीयांचे नाव षष्ठी विभक्तीत येते. ‘एफेसिओन’ म्हणजे एफेससवासीयांचे. हा शब्द लागला की निम्मी ओळख पटते.

इजिप्तमधील अलेक्झांड्रियाच्या नाण्यांवर वर्षही सापडते. रोमन ‘एल’सारख्या चिन्हापुढे ग्रीक अक्षरांनी राज्यवर्ष दिलेले असते. आयोटा म्हणजे १०, बीटा म्हणजे २. मिळून बारावे वर्ष. सम्राट नीरो इ. स. ५४ च्या ऑक्टोबरात गादीवर आला, आणि इजिप्तचे नववर्ष ऑगस्टअखेर सुरू होई. म्हणून त्याचे पहिले वर्ष पुरते भरण्याआधीच संपले. जसे फेब्रुवारीत उघडलेल्या पेढीचे पहिले आर्थिक वर्ष ३१ मार्चलाच संपते. या हिशेबाने बारावे वर्ष म्हणजे इ. स. ६५-६६.

ओळख पटली, आता किंमत. नीरोची ही हिणकस चांदीची नाणी प्रचंड संख्येने पाडली गेली व आजही मुबलक मिळतात. त्यामुळे सम्राट प्रसिद्ध असूनही झिजलेल्या नाण्याला फारसा भाव येत नाही. उलट, एखाद्या लहान नगराचे नाणे अतिशय दुर्मिळ असले, तरी त्याला गिऱ्हाईक नसेल तर तेही स्वस्तात जाते. लेख वाचता येणे, चेहरा स्पष्ट असणे आणि मूळ पृष्ठभाग शाबूत असणे, यांवर भाव ठरतो. चिंचेने घासून चकचकीत केलेले तांब्याचे नाणे आपले मोल गमावून बसते.

तांब्याच्या प्रांतिक नाण्यांची वजने मुळातच कमीजास्त असत; म्हणून केवळ तराजूवर खरेखोटे ठरवू नये. कडेवरील साच्याची रेघ आणि पृष्ठभागावरील बारीक बुडबुडे ही ओतीव बनावटीची लक्षणे होत. पडताळणीसाठी ‘रोमन प्रॉव्हिन्शियल कॉइनेज’ ही सूची प्रमाण मानली जाते. तिचा पहिला खंड १९९२ मध्ये निघाला, आणि आज ती इंटरनेटवर विनामूल्य पाहता येते. भाव मात्र विक्रेत्याने सांगितलेला धरू नये. लिलावात प्रत्यक्ष पटलेला धरावा.

शेवटचा प्रश्न मालकीचा. इजिप्त आणि तुर्कस्तान या देशांतून प्राचीन नाणी बाहेर नेण्यास कायद्याने बंदी आहे. तेव्हा नाणे कोणाकडून, केव्हा आणि कोणत्या पावतीने आले, हे आधी विचारावे. उत्तर मिळत नसेल, तर खरे नाणेही खरेदीयोग्य नव्हे.