पाखरांची राखण कोणाच्या खर्चाने?



ज्वारी हुरड्यात आली की थवा उतरतो. आपण त्याला नुसते ‘पाखरं’ म्हणतो. पण चिमण्या वेगळ्या, भोरड्या वेगळ्या आणि भारीट वेगळे. पिवळ्या पोटाचा, काळी टोपी घातल्यासारखा दिसतो तो काळ्या डोक्याच्या भारिटाचा नर. मादी मळकट, म्हणून ती चिमणीत खपून जाते. पक्षीशास्त्रात मात्र भारिटांचे कूळ चिमण्यांहून निराळे आहे. हा पाहुणा आग्नेय युरोपपासून इराणपर्यंतच्या मुलखात घरटी करतो आणि हिवाळा काढायला आपल्याकडे येतो. तिकडे पिल्लांना किडे भरवतो, इकडे दाणे खातो. म्हणजे फायदा त्यांचा, तोटा आपला. ‘पाखरे शेतकऱ्याची मित्र’ हे वाक्य सरसकट खरे नाही, हे शेतीचे शिक्षण घेतलेला माणूस म्हणून मला कबूल केले पाहिजे.

मग पूर्वी कसे निभत होते? गावच्या गाव ज्वारी असे, थवा वाटला जाई. माळ्यावर गोफण घेऊन घरातलेच कोणी बसे. आता शेवगाव-पाथर्डीकडे कापूस, पाणी आले तिथे ऊस. ज्वारीचे एकटे वावर उरले की सारा थवा त्याच्यावर. राखणीला माणूस ठेवावा तर मजुरी परवडत नाही.

म्हणून विष घालायचे का? मुळीच नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे, शिवाय त्या विषाने तितर, मोर आणि आपल्याच कोंबड्याही मरतील. मोठा थवा दिसतो म्हणून पक्षी अमर नसतो. याचाच भाऊबंद पिवळ्या छातीचा भारीट एके काळी युरोप-आशियात विपुल होता. चीनमध्ये खाण्यासाठी त्याची बेसुमार धरपकड झाली आणि २०१७ साली तो नामशेष होण्याच्या काठावरच्या यादीत गेला.

काळ्या डोक्याचा भारीट आज धोक्यात नाही. तो धोक्यात येऊ नये असे सरकारला वाटत असेल, तर नकाशावर रेघा ओढू नयेत. १९७९ साली सोलापूर आणि आपल्या जिल्ह्यात माळढोकासाठी ८,४९६ चौरस किलोमीटरचे अभयारण्य आखले. कर्जत-श्रीगोंद्याच्या शेतकऱ्यांनी निर्बंध सोसले, पुढे हद्द कमी करावी लागली, आणि माळढोक तरी कुठे वाचला?

आपले म्हणणे सरळ आहे. रानडुकराने, हरणाने पीक खाल्ले तर पंचनामा होतो, भरपाईचा नियम आहे. थव्याने कणसे रिकामी केली तर तोच न्याय लावा. राखणीची मजुरी धरून ज्वारीचा भाव ठरवा आणि त्या भावाने खरेदी करा. ज्वारी परवडली तर पेरा वाढेल. पेरा वाढला तर थवा वाटला जाईल. पाखरू जगेल, शेतकरीही जगेल.

पाखराला दाणा द्यायला आपली ना नाही. आपल्या बापजाद्यांनी तो दिलाच. पण साऱ्या समाजाचे पुण्य एकट्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या कणसातून वसूल करू नका. जिल्हा बैठकीत हा ठराव मांडू. येताना आपल्या वावरात किती कणसे रिकामी झाली ते मोजून, लिहून आणा.